मानेतली पट्टी आणि माळ्यावरची फाईल

मावशीच्या मानेचं ऑपरेशन २०१४ साली झालं. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली जात होती. उजवा हात बधिर व्हायचा, पोळ्या लाटताना लाटणं सुटायचं. डॉक्टरांनी गळ्याच्या बाजूने जाऊन गादी काढली, दोन मणके जोडले आणि वरून टायटॅनियमची पट्टी चार स्क्रूंनी बसवली. हात सुधारला. आम्ही पेढे वाटले, फाईल माळ्यावर टाकली. विषय संपला!

पण नाही संपला. गेल्या वर्षी तिला गोळ्या गिळताना अडकायला लागलं. मग भाकरी अडकू लागली. अ‍ॅसिडिटी समजून चार महिने औषधं झाली. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी विचारलं, "गळ्यावर ही खूण कसली?" मावशी म्हणाली, "अहो, ते मानेचं. फार जुनं आहे." खूण सुरकुतीत इतकी मिसळून गेली होती की घरातही कुणाला आठवली नाही. एक्स-रेमध्ये दिसलं, एक स्क्रू सैल होऊन पुढे आलाय, अन्ननलिकेच्या दिशेने.

नशीब, नळीला भोक पडलं नव्हतं. हाडं केव्हाच जुळली होती, म्हणून पट्टी काढून टाकता आली.

तेव्हा कळलं की हाड जुळेपर्यंतच पट्टीचं खरं काम असतं. नंतर ती नुसतीच राहते, आणि अन्ननलिका तिच्या अगदी पुढ्यात असते. हाड नीट जुळलं नाही तर हालचालीने स्क्रू सैल होतात, कधी मोडतात. क्वचित अन्ननलिकेला इजा होते, तीही काही वर्षांनी. जोडलेल्या मणक्यांच्या शेजारचे मणकेही पुढे कुरकुर करू शकतात. १९९९ साली छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात ३७४ रुग्ण होते. त्यांत असा नवा त्रास दरवर्षी सरासरी २.९ टक्के लोकांना झाला. तो जोडणीमुळे की वयामुळे, यावर वाद आहे. कृत्रिम गादी बसवली तरी तिच्याभोवती हाड वाढून ती जाम होऊ शकते.

हे वाचून कुणी ऑपरेशनला घाबरू नका. मावशीचा हात त्यामुळेच वाचला. माझी तक्रार आहे ती "आता काही नाही, परत यायची गरज नाही" या वाक्याबद्दल. शरीरात धातू ठेवला असेल तर "काही नाही" कसं? निदान कधी परत यायचं, एवढं तरी कागदावर लिहून द्यावं.

आणि तक्रार स्वतःबद्दलही आहे. मिक्सरचं वॉरंटी कार्ड आमच्या घरी ड्रॉवरमध्ये जपून ठेवलंय. मावशीच्या पट्टीच्या कंपनीचं नाव नि नंबर असलेलं स्टिकर मात्र माळ्यावर, लग्नाच्या अल्बमखाली सापडलं.

तेव्हा नातेवाईक मंडळी, फाईल खाली काढा. त्या स्टिकरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. गिळायला त्रास, आवाजात बदल, मानेला सूज, ताप, हाताला नव्याने मुंग्या, यातलं काहीही झालं तर कुठल्याही डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "माझ्या मानेत पट्टी आहे." ऑपरेशनला कितीही वर्षं झाली असली तरी.

असो. मावशी आता पुन्हा भाकरी खाते. तुमच्या घरी अशी कुठली फाईल माळ्यावर पडली आहे का?