मोजल्याशिवाय औषध नको

२०२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील व्यावसायिक मधपाळांच्या निम्म्याहून अधिक वसाहती मेल्या. तिथल्या कृषी खात्याच्या संशोधकांनी नमुने तपासले, तेव्हा माश्यांत विषाणूंचा सुळसुळाट दिसला. आणि ते विषाणू पसरवणाऱ्या व्हरोआ माइटपैकी जवळजवळ सगळ्यांत अमिट्राझला न जुमानणारी जनुकीय खूण सापडली. हे औषध आपल्याकडे परके नाही. गुरांच्या गोचिडांवर ते वापरले जाते, आणि व्हरोआ हा गोचिडाचाच भाऊबंद.

अळीच्या घरावर मेणाचे झाकण बसण्याच्या बेतात असताना मादी व्हरोआ आत शिरते आणि झाकणाआड पिल्ले वाढवते. अमिट्राझ तिथवर पोचत नाही, म्हणून त्याच्या पट्ट्या कित्येक आठवडे पेटीत टांगाव्या लागतात. वर्षानुवर्षे तेच एक औषध वापरल्यावर जे व्हायचे तेच झाले. हा जीव माशीचे रक्त पितो, अशी समजूतही अनेक दशके होती. तो मुख्यतः तिच्या शरीरातील चरबीचा थर खातो, हे सॅम्युएल रॅमसे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले. साठवण आणि रोगप्रतिकार सांभाळणारा हाच थर!

व्हरोआ मुळात आशियाई माशीवरचा, म्हणजे आपल्या सातेरीच्या जातीवरचा. तिच्या पोळ्यात तो बहुतेक नरांच्याच घरांत वाढतो आणि कामकरी माश्या त्याला अंगावरून वेचून काढतात. मेलिफेरा, म्हणजे आपल्याकडची ‘इटालियन’ माशी, या बाबतीत अडाणी.

मेलिफेराच्या पेट्या वाटताना म्हणूनच जाळीच्या झाकणाची एक बरणीही द्यावी, आणि ती वापरायला शिकवावे. राणी नाही ना हे पाहून पिल्लांच्या चौकटीवरच्या सुमारे ३०० माश्या बरणीत घ्यायच्या, पिठीसाखर टाकून घोळायच्या आणि खाली पडलेले माइट मोजायचे. माश्या जिवंत परत जातात. शंभर माश्यांमागे तीन माइट निघाले, तर उपाय करायची वेळ आली. तोही दरवेळी एकच नको. झाकणापलीकडे पोचणारे फॉर्मिक आम्ल आहे, पिल्ले नसतानाच्या काळात ऑक्झॅलिक आम्ल आहे, आणि नरांची झाकलेली पोळी कापून टाकणे तर फुकटचे.

सातेरी पाळणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतात तिच्याच वसाहतींचा फडशा पाडला होता. त्यावर आजही खात्रीचे औषध नाही.