घरच्या संगणकाचा राखणदार



दिवाळीला आपल्या घराघरांत वहीपूजन होते. आमच्या नर्सीच्या घरीही लाल कापडाच्या बांधणीची वही त्या दिवशी पाटावर येते, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. मात्र गेली कित्येक वर्षे त्या पानापुढे काही लिहिले जात नाही. खरा हिशेब शेजारच्या मेजावरील संगणकात असतो. हळदीच्या आणि सोयाबीनच्या पट्ट्या, शेतकऱ्यांची बाकी, हमाली-तोलाई, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार हे सारे तेथेच. दुकान पुढे आणि घर मागे अशी आपल्या खेड्यापाड्यांतील रचना असल्याने मुलांचा अभ्यास, लग्नकार्याची छायाचित्रे आणि आल्यागेल्या पाहुण्यांचा पेनड्राइव्ह यांनाही हाच संगणक. म्हणजे नावाला घरचा संगणक; वस्तुतः ती पेढीची तिजोरी आहे.

यंदा दिवाळीच्या तोंडावर या संगणकाच्या कोपऱ्यात सूचना झळकू लागली की, अँटिव्हायरसची मुदत संपत आली आहे. घरात लगेच मते पडली. पुतण्या म्हणाला, "काका, विंडोजसोबत येणारे संरक्षण पुरेसे आहे, पैसे कशाला घालता?" धाकटे बंधू म्हणाले, "दादा, हिशेबाचा प्रश्न आहे, सर्वांत महाग असेल ते घेऊन टाका." अण्णा सारे ऐकत बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, "राखणदार ठेवायचा तो कशाच्या राखणीला, हे आधी ठरले आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे समजले, ते या सदरातून आपल्यापुढे ठेवीत आहे.

अँटिव्हायरस आणि फायरवॉल ही नावे आपण एका दमात घेतो. परंतु त्यांची कामे निराळी आहेत. फायरवॉल हा देवडीवरचा पहारेकरी. इंटरनेटवरून आत येऊ पाहणाऱ्या आणि आतून बाहेर जाणाऱ्या संपर्काला वाट द्यायची की नाही, हे तो नियमांवरून ठरवितो. विंडोजची स्वतःची फायरवॉल न मागितलेला बाहेरचा संपर्क अडविते, पण आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवीत नाही. अँटिव्हायरस हा घरात फिरणारा झडतीदार. आलेली फाइल ओळखीच्या अपराध्यांशी ताडून पाहणे आणि चालू प्रोग्रॅमचे वर्तन संशयास्पद वाटल्यास त्यास रोखणे, हे त्याचे काम. आपणच टपालातील खोटे बिल उघडले, तर ते देवडीवरच्याला दिसत नाही. झडतीदारानेच ते पकडावे लागते.

आणि झडतीदारालाही ओळखता येणार नाही असा पाहुणा आला तर? २७ जून २०१७ रोजी तसेच झाले. युक्रेनमधील व्यापारी करभरणीसाठी 'एम.ई.डॉक' नावाचे सॉफ्टवेअर वापरीत. हल्लेखोरांनी त्याच्या नित्याच्या अद्ययावतीकरणातच विषारी प्रोग्रॅम मिसळला. पुढे 'नॉटपेट्या' या नावाने ओळखला गेलेला हा प्रोग्रॅम काही तासांत जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि त्याच समूहाकडे असलेल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे कामही ठप्प झाले. आपल्याकडे वस्तू व सेवा कर लागू होण्यास तेव्हा अवघे चार दिवस उरले होते आणि घरोघरी हिशेबाची नवी सॉफ्टवेअर बसविली जात होती. विश्वासाच्या हिशेबनिसाच्या पिशवीतून चोर घरात यावा, असा हा प्रकार. खंडणी भरूनही फायदा नव्हता, कारण कुलूप उघडण्याची सोयच त्यात ठेवलेली नव्हती. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले.

या हकिकतीचा उत्तरार्ध आपल्या ग्रामीण वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावा. कंपनीच्या साऱ्या संगणकजाळ्याचा नकाशा ज्या मुख्य यंत्रांत होता, ती जगभरातील सर्व यंत्रे पुसली गेली. वाचले ते एकच, आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयातले. ते का वाचले? तेथे वीज गेली होती! यंत्र बंद होते, जाळ्यापासून तुटलेले होते, म्हणून निर्धोक राहिले. त्या एका प्रतीच्या आधारे पुढे सारा कारभार पुन्हा उभा झाला. ज्या भारनियमनाला आपण उठताबसता नावे ठेवतो, त्याने एका बलाढ्य कंपनीची वही वाचविली!

तात्पर्य असे की, राखणदार कितीही चांगला असला तरी वहीची एक प्रत घराबाहेर, तारेपासून अलग हवीच. हे मान्य केल्यावर मग राखणदाराची पारख करावी. आम्ही ती पाच कसोट्यांवर केली.

पहिली कसोटी घराच्या भिंतींची. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी केल्यास सुरक्षा-दुरुस्त्या त्या तारखेपुढे आणखी एक वर्ष मिळण्याची सोय तेव्हा ठेवली गेली. त्यानंतर मात्र यंत्र किंवा प्रणाली बदलणेच इष्ट. नॉटपेट्या ज्या फटींतून पसरला, त्यांपैकी एक बुजविणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती; अनेकांनी ती बसविली नव्हती. पडक्या भिंतीला महागडा पहारेकरी पुरा पडत नाही.

दुसरी कसोटी सामर्थ्याची. जाहिरातीवर वा दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. जर्मनीतील मॅग्डेबर्ग येथील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्था अशा सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेऊन निकाल प्रसिद्ध करतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, यंत्राची गती आणि वापरातील सुलभता या तिहींस प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण देते. एकाच महिन्याचा निकाल न पाहता लागोपाठचे काही निकाल पाहावेत. विंडोज ८ पासून प्रणालीतच येणारा डिफेंडरही या चाचण्यांना बसतो. त्यामुळे फुकट आणि विकत यांची तुलना समोरासमोर करता येते.

तिसरी कसोटी त्रासाची. निरपराध फाइलला अपराधी ठरविणारा राखणदार हिशेबाचे सॉफ्टवेअरच ऐन विवरणपत्राच्या दिवशी अडवून ठेवतो. मग आपण वैतागून त्यालाच बंद करतो. जुन्या यंत्राला जड सॉफ्टवेअर झेपत नाही, हेही पाहावे. पुष्कळ कंपन्या काही दिवस विनामूल्य वापरू देतात. त्या अवधीत आपल्या नेहमीच्या कामावर गती पारखून घ्यावी. मात्र दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवू नयेत. ते एकमेकांचीच झडती घेत बसतात.

चौथी कसोटी सचोटीची. राखणदाराला घरातले सर्व दिसते. अव्हास्ट या प्रसिद्ध कंपनीने ग्राहक इंटरनेटवर काय पाहतात याची माहिती विकल्याबद्दल फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलरची आकारणी केली. म्हणून खासगी माहितीविषयीच्या अटी वाचल्याशिवाय संमतीचे बटण दाबू नये.

पाचवी कसोटी मोलाची. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नये. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा दर काय, किती यंत्रांना परवाना चालतो, पैसे आपोआप कापले जाणार का आणि अडचण आल्यास मराठी वा हिंदीतून दाद लागते का, हे विचारावे. या शेवटच्या मुद्द्यावर देशी कंपन्या उजव्या ठरू शकतात. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या लहानशा दुकानापासून आरंभ करणारे कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकलेले त्यांचे बंधू संजय यांनी उभी केलेली क्विक हील २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. दोन भावांनी वाढविलेल्या या पेढीचे आपणा व्यापारी कुटुंबांस कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि कौतुक निराळे आणि कसोटी निराळी. तिचे सॉफ्टवेअरही याच पाच प्रश्नांतून जावे.

एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे लिहितो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत बसविणारा कोणी आला की प्रथम सांगतो, "अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा." चोरीचा माल घरात घेण्यासाठी राखणदाराला झोपविण्याचा हा सल्ला आहे. जो परवान्याचे पैसे वाचवितो, तो वहीच पणाला लावतो.

आमच्या घरी अखेर काय ठरले, तेही सांगतो. यंत्र विंडोज ११ चालेल असे असल्याने प्रणाली बदलली. डिफेंडर आणि विंडोजची फायरवॉल चालू ठेवली आणि विकतचे नूतनीकरण केले नाही. ज्यांच्याकडे चार-पाच यंत्रे आहेत, किंवा घरात जाणते माणूस नसल्याने फोनवर मदत लागते, त्यांनी विकत घेणे योग्य ठरेल. पुतण्याने 'आयकार' ही केवळ ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल उतरवून राखणदार जागा आहे ना, याची खातरी करून दिली. इंटरनेटच्या राउटरचा मूळ पासवर्ड बदलला. मुलांसाठी निराळे खाते केले. त्यातून नवे सॉफ्टवेअर बसविता येत नाही. वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून दोन बाह्य हार्ड डिस्क घेतल्या. रोज संध्याकाळी दुकान वाढविल्यावर आलटून पालटून एकीवर हिशेबाची प्रत निघते आणि लगेच तार काढली जाते. दुसरी डिस्क त्या वेळी धाकट्या बंधूंच्या घरी असते. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून हिशेब पुन्हा उघडून पाहतो. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे.

आणि जेथे कोणतेही सॉफ्टवेअर कामी येत नाही, त्या गोष्टीसाठी घरात सर्वांना एक नियम सांगितला : फोनवर कोणी कितीही गोड बोलले तरी ओटीपी द्यायचा नाही आणि संगणकाचा ताबा द्यायचा नाही. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवायचे.

हे सारे ऐकल्यावर अण्णांनी आपल्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच दिले. म्हणाले, "वहीत आपले पैसे कमी आणि लोकांचे जास्त असतात. शेतकरी आपल्या शब्दावर माल टाकून जातो. वही गेली तर त्याला काय दाखवशील?"

राखण करायची ती या विश्वासाची. पुढच्या लक्ष्मीपूजनाला आमच्या पाटावर लाल वहीशेजारी ती छोटी हार्ड डिस्कही असेल. तिलाही कुंकवाचे एक बोट लावू. अर्थात तार काढलेली असतानाच.