नव्या संगणकांत जुना संगणक

कित्येक पालकांची अशी तक्रार असते कीं, "मुलास चांगला नवा संगणक घेऊन दिला, आणि हा त्यावर चाळीस वर्षांपूर्वींचें यंत्र चालवीत बसतो!" या तक्रारीचा थोडा विचार करणें अवश्य आहे, कारण आमच्या मतें हा नाद मोडून काढण्याजोगा नसून नीट जोपासण्याजोगा आहे.

प्रथम ही गोष्ट काय आहे तें सांगूं. सन १९८२ मध्यें इंग्लंडांत सिंक्लेअर कंपनीनें 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नांवाचा घरगुती संगणक विक्रीस आणिला. लहान नमुन्याची किंमत १२५ पौंड. पडद्याच्या जागीं घरचा टेलिव्हिजन, आणि आज्ञावल्या सांठविण्यास गाणीं ऐकण्याची साधी कॅसेट, अशी त्याची व्यवस्था. तीं यंत्रें आतां जीर्ण झालीं. परंतु 'एम्युलेटर' म्हणून जी आज्ञावली असते, ती अशा यंत्राची हुबेहूब नक्कल करिते. लिनक्सवर स्पेक्ट्रमसाठीं 'फ्यूज' नांवाची अशी आज्ञावली विनामूल्य मिळते. जुन्या यंत्रांतील झेड-८० ही चिप जी जी आज्ञा वाची, ती ती फ्यूज वाचते, चिपेच्या पोटांतले आंकडे आपल्या स्मृतींत मांडते, आणि सेकंदास सुमारें ५० वेळां पडदा नव्यानें रंगविते. मौज अशी कीं, ती चिप सेकंदास ३५ लक्ष ठोके देई, आणि आजचा संगणक इतका चपळ आहे कीं, नक्कल खरी वठावी म्हणून त्यास मधून मधून मुद्दाम थांबावें लागतें. नाहीं तर खेळांतला गडी पापणी लवण्यापूर्वींच खड्ड्यांत पडावयाचा!

एवढ्या खटाटोपाचा लाभ काय? आजचा संगणक सुरू केला कीं, चित्रांची रांग पुढें येते व कोणतें हवें तें निवडा म्हणते. स्पेक्ट्रम सुरू केला कीं, कंपनीच्या हक्काची एक ओळ दिसते आणि यंत्र स्वस्थ बसतें. आतां मुलानेंच कांहीं सांगितलें पाहिजे. 'पी' ही कळ दाबतांच 'प्रिंट' हा सबंध शब्द उमटतो. दोन ओळी लिहिल्या कीं, मुलाचें नांव पडदाभर उतरूं लागतें, आणि पडदा भरला म्हणजे 'स्क्रोल?' असें यंत्र अदबीनें विचारतें. त्याच्या स्मृतीचीं एकंदर घरें ६५,५३६. त्यांपैकीं १६,३८४ क्रमांकाच्या घरांत २५५ हा आंकडा घातला असतां पडद्याच्या डाव्या वरच्या कोंपऱ्यांत एक बारीक रेघ उमटते. हें ज्यानें एकदां स्वतः केलें, त्यास चित्र म्हणजे शेवटीं आंकडेच, हें पुन्हां समजावून सांगावें लागत नाहीं. आजचें यंत्र अब्जावधि घरांचें; तें सबंध जाणणारा एकहि मनुष्य सांपडणें कठीण. स्पेक्ट्रम मात्र चिकाटीच्या मुलास सबंध कळूं शकतो.

हें सर्व लिनक्सवरच कां, असें कोणी विचारील. फ्यूजचा मूळ लेख सी भाषेंत सर्वांस खुला आहे. नक्कल पाहून जिज्ञासा जागी झाली, तर नक्कल कशी केली तेंहि वाचतां येतें. बंद पेटींत तें सुख नाहीं. शिवाय घरांत अडगळींत पडलेला दहा-बारा वर्षांचा संगणकहि या कामास पुरतो.

मात्र विद्यार्थिमित्रांनो, स्पेक्ट्रमच्या अंगची मूळ आज्ञावली खुली नाहीं. सन १९८६ मध्यें सिंक्लेअरचा संगणकाचा व्यवसाय ॲम्स्ट्रॅड कंपनीनें विकत घेतला, आणि पुढें ती एम्युलेटरांबरोबर वांटण्यास परवानगी दिली. म्हणूनच ती वापरतां येते. खेळांचें तसें नव्हे. खेळ जुना झाला म्हणून बेवारस होत नाहीं; ज्यांच्या कर्त्यांनीं मोकळीक दिली आहे तेच घ्यावेत. आणि जो मुलगा नुसते खेळच खेळतो, एक ओळहि लिहीत नाहीं, त्याच्या पालकांची तक्रार आम्ही खरी धरूं.

आपल्या देशांत १९८४ सालीं शाळांतून संगणक-शिक्षणाचा सरकारी प्रयोग सुरू झाला, तेव्हां निवडक शाळांस ब्रिटनचाच 'बीबीसी मायक्रो' हा संगणक मिळाला होता. त्याचाहि 'बी-एम' नांवाचा एम्युलेटर लिनक्सवर चालतो. ज्या पालकांनीं शाळेंत तें यंत्र हाताळलें असेल, त्यांनीं एखाद्या रविवारीं मुलाशेजारीं बसून तें सुरू करावें, आणि बेसिक भाषेंतलें काय काय आठवतें तें त्यास दाखवावें.