मोरीवरची कर्दळ आणि आमचा विळा

शेतकऱ्यांच्या मासिकात कर्दळीसारख्या शोभेच्या झाडाविषयी लिहावे, हे कित्येक वाचकांस पोरकटपणाचे वाटेल. हळदीचे भाव, कापसावरील अळी, विहिरीचे आटणारे पाणी हे विषय टाकून मोरीवरच्या झाडाची छाटणी ती काय सांगावयाची? परंतु ज्या घरास परस आहे, त्या घरी मोरीच्या पाण्यावर कर्दळीचे एखादे बेट बहुधा असतेच, आणि त्याची जी दशा आम्ही पाहतो ती पाहून चार शब्द लिहिल्याखेरीज राहवत नाही.

ही दशा दोन प्रकारची असते. कोठे कर्दळीस वर्षानुवर्षे विळा लागत नाही. वाळकी खोडे, कुजकी पाने आणि बुडाशी साचलेले साबणाचे काळे पाणी, त्यात डासांची वसाहत. कोठे याच्या उलट, घरधन्यास एके दिवशी स्वच्छतेची लहर येते आणि तो सबंध बेट कमरेइतक्या उंचीवर सपासप कापून मोकळा होतो. पहिला दोष आळसाचा आहे व तो सर्वांस दिसतो. दुसरा दोष उद्योगी माणसाचा असल्यामुळे त्यास दोष म्हणावयास कोणी धजत नाही.

हा दुसरा दोष आम्ही स्वतः केलेला आहे. तहसील कचेरीतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात रिकाम्या हातांस काम हवे म्हणून आम्ही आषाढात घरची सारी कर्दळ एका रेषेत छाटली. जमाबंदीच्या कागदासारखी ती सरळ व नेटकी दिसू लागल्याचे समाधानही वाटले. पुढे महालक्ष्म्यांच्या मखरासाठी दरवर्षी घरचीच फुले काढणाऱ्या आमच्या वहिनी परसात जाऊन रिकाम्या हाताने परतल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही शेंडे मारले. फूल शेंड्यालाच येतं, बुडाला नाही येत." कचेरीत इतकी वर्षे दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या, पण घरच्या झाडाची ही साधी नोंद आमच्या वाचनात आलेली नव्हती.

आमच्या जिल्ह्यात ही चूक विशेष का होते, याचा विचार करता कारण हळदीत सापडते. वसमतच्या हळदीस 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. कंदाच्या पिकाची जाण आमच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावी असे नाही. पण हळद हे एका हंगामाचे पीक आहे. पाला पिवळा पडला की तो एकदम जमिनीलगत कापावयाचा, मग कंद खणावयाचा. कर्दळही कंदाचीच, पानेही दिसावयास तशीच, म्हणून तोच हात तिच्यावर चालतो. वस्तुतः आले, हळद, केळ आणि कर्दळ ही वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच गणातील. पण छाटणीच्या बाबतीत कर्दळीने हळदीचा नव्हे, केळीचा नियम पाळलेला आहे. वसमत व अर्धापूर भागातील केळीवाल्यास हे एका वाक्यात कळेल: एका खांबास एकदाच घड येतो, घड उतरला की खांबाचे काम संपते, आणि पुढचे पीक बुडच्या पिलावर येते. कर्दळीच्या प्रत्येक खोडाचे आयुष्य असेच स्वतंत्र असते. एकाच बेटात एक खोड फुलून संपलेले, दुसरे फुलावर आलेले व तिसरे नुकते जमिनीतून डोके काढणारे असते. तिघांस एकच विळा लावणे म्हणजे आजोबा, मुलगा व नातू यांना एकाच दिवशी पेन्शनीत काढण्यासारखे आहे.

तेव्हा खोडाकडे पाहून कापावे. पहिला तुरा सुकला म्हणजे लगेच खोड तोडू नये. त्याच्या खालच्या पेरातून पुष्कळदा दुसरा तुरा निघतो. सुकलेला तुरा तेवढा त्या नव्या फुटव्याच्या वर खुडावा. सर्व तुरे संपले व खाली नवा फुटवा दिसेनासा झाला की ते खोड जमिनीपासून दोन बोटांवर कापावे. वीतभर खुंट ठेवू नये. पावसात त्यात पाणी मुरते आणि कुज कंदापर्यंत उतरते. ज्या खोडास अद्याप फूल आले नाही त्याचा शेंडा कधीही मोडू नये. काटेरी दिसणारी हिरवी बोंडे बियांसाठी हवी असतील तर एकदोन राखावीत, नाहीतर झाडाची शक्ती तिकडे जाते. आतले काळे बी छऱ्यासारखे कठीण असते, म्हणूनच इंग्रजांनी या झाडास 'इंडियन शॉट' म्हटले. गंमत अशी की लिनीयसने 1753 साली 'इंडिका' असे नामकरण केलेले हे झाड मूळचे अमेरिका खंडातील आहे.

आता मोरीच्या पाण्याविषयी. कर्दळ सांडपाणी 'पिते' असे आपण म्हणतो व ते खरे आहे. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे 1972 साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेने गावचे सांडपाणी कर्दळीसारख्या झाडांच्या वाफ्यांतून गाळून शेतीस वापरण्याचे प्रयोग केले आहेत. परंतु झाड पाण्यातील नत्र व स्फुरद घेते ते वाढत असेतोपर्यंत, आणि साठविते ते आपल्या पानांत व खोडांत. जुने खोड तेथेच कुजू दिले तर घेतलेले सारे त्याच डबक्यात परत जाते. म्हणून अशा वाफ्यांतील खोडे वेळोवेळी कापून बाहेर काढावी लागतात. मोरीवरची कर्दळ छाटणे ही हौस नव्हे, ते मोरीचेच काम आहे, आणि ते घरातील बायकांवर सोडून पुरुषांनी ओट्यावर बसून डासांस नावे ठेवू नयेत.

कापलेल्या खोडांचे बारीक तुकडे करून खतखड्ड्यात टाकावेत. ती पाणीदार असल्याने लवकर कुजतात. मात्र पानांच्या शिरांलगत पिवळे ठिपके व पट्टे येऊन बेट खुरटत असेल तर तो बहुधा विषाणूचा रोग समजावा. (पट्टेदार पानांची शोभेची जात निराळी; ती जोमाने वाढते.) त्यावर औषध नाही. असे बेट कंदासह उपटून जाळावे, विळा साबणाने धुवावा, आणि शेजाऱ्याने कितीही आग्रह केला तरी त्यातला कंद देऊ नये, कारण हा रोग कंदाबरोबरच घरोघर जातो.

दोनतीन वर्षांनी बेट दाटले म्हणजे मृगापूर्वी सर्व खोडे कापून कंद काढावेत. सबंध छाटणीस तेवढी एकच वेळ योग्य. दोनतीन डोळ्यांचा तुकडा चार बोटे खोल, एकमेकांपासून दीड हातावर लावावा. आमच्या काळ्या जमिनीत पाणी तुंबते, म्हणून खाली थोडा मुरूम घालावा.

यंदा आमचे बेट असे फोडले तेव्हा वहिनींनी निरोगी कंद वेचून चार घरी दिले. देताना त्या प्रत्येकीस शेंड्याची गोष्ट सांगत होत्या, आणि ती कोणाची, हेही सांगत होत्या.