भंगारातली कोअर आणि वायंडिंगवाल्याची जबाबदारी

संगमनेर तालुक्यात विहीर तिथे मोटार, आणि मोटार म्हटली की ती कधी ना कधी जळणारच. त्यामुळे प्रवरेकाठच्या या गावात रिवायंडिंगच्या दुकानांना काम कमी पडत नाही. त्याला लागूनच भंगाराचा धंदा आहे. या दोन धंद्यांच्या मधोमध एक चांगली वस्तू रोज मातीमोल होते. तिच्याविषयी हे चार शब्द.

जुना इन्व्हर्टर किंवा स्टॅबिलायझर भंगारात आला की तांब्यासाठी त्याचा ट्रान्सफॉर्मर फोडतात आणि स्टॅम्पिंग लोखंडाच्या भावात घालतात. वास्तविक जळते ती तार आणि तिचे इन्सुलेशन. आतल्या सिलिकॉन पोलादाच्या पत्र्या गंजलेल्या, वाकलेल्या किंवा अति तापलेल्या नसतील तर पुन्हा कामाला येतात.

हे काम कोणते? रिवायंड केलेली मोटार आपल्याकडे बहुधा सिरीजच्या दिव्यावर, फार तर 500 व्होल्टच्या मेगरवर तपासून गिऱ्हाइकाच्या हवाली केली जाते. मेगर ओलावा दाखवतो, पण इन्सुलेशनमधला प्रत्येक कच्चा दुवा त्यावर उघडा पडत नाही. पूर्ण नव्याने भरलेल्या वायंडिंगसाठी प्रमाण चाचणी अशी आहे : मोटारीच्या व्होल्टेजची दुप्पट, अधिक 1000 व्होल्ट, एक मिनिटभर. म्हणजे 415 व्होल्टच्या मोटारीला 1830 व्होल्ट. तयार यंत्र लहान दुकानदाराला महाग वाटते, म्हणून ही चाचणीच टाळली जाते. मग कच्चेपणा विहिरीवर उघडा पडतो. शेतकऱ्याला मोटार पुन्हा काढावी लागते, पिकाची पाळी चुकते, आणि अर्थिंग नीट नसेल तर माणसाच्या जिवावर बेतते.

आमचे म्हणणे असे, की हे चाचणीयंत्र जुन्या कोअरवर जाणकाराच्या देखरेखीखाली तयार करता येते. हिशेब अवघड नाही. मधल्या दांड्याचे क्षेत्रफळ 25 चौरस सेंटिमीटर असेल आणि जुना माल म्हणून चुंबकीय घनता 1 टेस्लाच धरली, तर 50 सायकलच्या विजेवर एका वेढ्याला सुमारे 0.55 व्होल्ट मिळतात. 230 व्होल्टच्या प्रायमरीला सुमारे 415 वेढे आणि 2000 व्होल्टच्या सेकंडरीला सुमारे 3600 वेढे लागतात. तार, बॉबिन, थराथरांतला कागद आणि वार्निश मात्र नवेच हवे, तिथे काटकसर करू नये. आधी कोअरवर प्रायमरी भरून डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू चढवावे आणि तासभर रिकामे चालवून ती किती करंट घेते, किती तापते ते पाहावे. जी फार तापेल ती परत भंगारात.

सगळ्याच कोअर या कामाच्या नाहीत. जुन्या रंगीत टीव्हीच्या एलओटीची फेराइट कोअर सेकंदाला 15,625 सायकलसाठी असते. 50 सायकलवर ती संपृक्त होते आणि वायंडिंग जळते. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर तर उत्साही पोरांच्या हाती पडूच देऊ नये. त्याची सेकंडरी दोन हजार व्होल्टच्या आसपास असते आणि झटका प्राणघातक असतो. त्यावर लाकडावर विजेची नक्षी काढण्याच्या नादात परदेशात अनेकांचे जीव गेले आहेत.

आपले चाचणीयंत्रही तितकेच घातक आहे, हे विसरू नये. काही मिलिअँपिअरवर तुटणारा ट्रिप, कोअरला आणि मोटारीच्या बॉडीला पक्के अर्थिंग, भोवती बंद जाळी, दार उघडताच वीज तोडणारा स्विच आणि शेजारी दुसरा माणूस, एवढे जमत नसेल तर हा उद्योग करू नये. संगमनेरात 1983 पासून अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या जाणकारांना यंत्र दाखवल्याशिवाय ते वापरात आणू नये. विचारायला जाण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट पावतीची. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 136 खाली वीजसाहित्याची चोरी आणि कलम 137 खाली चोरीचा माल घेणे, दोन्ही गुन्हे आहेत. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डीपीवरचा माल कोणी रात्री स्वस्तात आणून दिला, तर त्याला हात लावू नये. भंगारवाल्याने कोणाकडून काय घेतले ते वहीत लिहावे आणि वायंडिंगवाल्याने त्याच्याकडून पावती मागावी.

तिसरी गोष्ट सचोटीची. जुन्या कोअरवर भरलेला ट्रान्सफॉर्मर विकायचा झाल्यास तसे बिलावर लिहावे आणि भावही तसाच लावावा. जुना माल विकणे ही काही लबाडी नव्हे. तो नवा म्हणून गळ्यात मारला, तर मात्र सगळ्या बाजाराची पत जाते.

एका दुकानदाराला खर्च जड वाटत असेल तर चार-पाच जणांनी मिळून एक यंत्र करावे. भरलेल्या मोटारीच्या बिलावर ‘1830 व्होल्ट, एक मिनिट, पास’ एवढे लिहून दिले, तर शेतकरी पुढच्या खेपेस त्याच दुकानाची पायरी चढेल.