देह आमचा, संशोधन कुणाचं?

मी गोदीत माल उचलतो आणि कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. तरी आज लिहितोय पीएच.डी.वर. तीही बायोमेडिकल, म्हणजे माणसाच्या देहाच्या, रोगाच्या संशोधनावर. कुणी म्हणेल, हमालाचा इथं काय संबंध? आहे ना! संशोधनाला देह लागतो, आणि तो आजवर बहुतेक आपल्यासारख्यांचाच लागलाय.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांना विचारा. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याच्या डॉक्टरांनी उपदंश झालेली ३९९ काळी माणसं उपचाराविना नुसती निरखली. पेनिसिलिन निघालं, तेही दिलं नाही. १९७२ साली पेपरात बोभाटा झाला तेव्हा हा धंदा थांबला. १९५१ साली बाल्टिमोरच्या इस्पितळात हेन्रिएटा लॅक्स या काळ्या बाईच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता काढल्या. त्या पेशी आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत.

टस्कीगी उघडं पडलं त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्माला आली. नाव त्याच देशातल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. त्या पँथरांनी काळ्या वस्त्यांत फुकट दवाखाने काढले, सिकलसेलची तपासणी केली. हा रोग अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९१० सालीच लिहून ठेवला होता. पण त्यासाठी खास कायदा व्हायला १९७२ उजाडलं. मधली बासष्ट वर्षं कुणाची पोरं मेली? दोस्तांनो, तोच सिकलसेल आपल्या विदर्भात, आपल्या माणसांत आणि आदिवासींत आहे. सरकारनं त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम काढली ती १ जुलै २०२३ रोजी.

म्हणून मी म्हणतो, टेबलावर झोपणाऱ्यांतला एखादा टेबलाच्या पलीकडं उभा राहिला पाहिजे. प्रश्न विचारणारा बदलला की प्रश्न बदलतो. ही नुसती घोषणा नाही. २०११ साली अमेरिकेतच एका अभ्यासात दिसलं की शिक्षण, छापलेले निबंध सगळं हिशेबात धरूनही काळ्या शास्त्रज्ञाला सरकारी संशोधन-निधी मिळण्याची शक्यता गोऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमीच. २०१९ साली त्याचं एक कारण पुढं आलं : काळे शास्त्रज्ञ वस्तीच्या, समाजाच्या आरोग्याचे विषय जास्त निवडतात आणि त्या विषयांनाच पैसा कमी मिळतो. म्हणजे माणूस आत घेतला तरी त्याचा प्रश्न दाराबाहेरच!

आत शिरायचं तरी कसं? तिकडं पीएच.डी.ला प्रवेश हवा तर लॅबमधला अनुभव लागतो, प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. ज्याचा बाप पोसतो तो पोरगा सुट्टीत फुकट लॅबमध्ये राबतो. ज्याला घर चालवायचंय तो हॉटेलात बशा धुतो. मग अर्ज बघणारे म्हणतात, याला अनुभव नाही. हीच त्यांची गुणवत्ता! यावर तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं 'प्रेप' नावाची योजना काढली होती. नुकत्याच पदवी घेतलेल्या वंचित पोरांना एक-दोन वर्षं पगार देऊन लॅबमध्ये घ्यायचं, हाताला काम शिकवायचं, अर्ज नि मुलाखतीची तयारी करून घ्यायची. आणि २०२५ साली ट्रम्प सरकारनं अशा वंचितांसाठीच्या कितीतरी योजनांचे पैसे तोडले. शिडी काढून घेतली आणि वर बोंबलायचं, की सगळ्यांना सारखी संधी!

आपल्याकडं काय? आमच्या चाळीतला एक पोरगा मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालाय. रात्री पार्सलं वाटतो, दिवसा जेआरएफचा अभ्यास करतो. निघाली तर महिना ३७,००० रुपये. निघेपर्यंत काय खायचं, हे कुठल्या सिलॅबसमध्ये नाही. निघाली तरी पैसा हातात पडेल तेव्हा खरा. रोहित वेमुलाची फेलोशिप महिनोन् महिने थकली होती. १७ जानेवारी २०१६ रोजी तो गेला. २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली संशोधक पोरं आझाद मैदानात बसली होती. संशोधन लॅबमध्ये करायचं की मैदानात?

आपल्यातलेच काही म्हणतील, लॅबमध्ये गेलेला साहेब होतो, वस्तीला विसरतो. होतात काही तसे. पण गोदीतली धूळ माझ्या छातीत किती साचलीय हे मी कवितेत लिहू शकतो, मोजू शकत नाही. मोजणारा माझा माणूस हवाय मला.

तेव्हा दोन गोष्टी. एक, सरकारकडं मागा : पदवी आणि पीएच.डी.च्या मधल्या वर्षासाठी पगारी जागा, सरकारी प्रयोगशाळांत. भीक नव्हे, हक्क. दोन, सरकार देईपर्यंत आपण गप्प बसायचं नाही. प्रत्येक वस्तीनं एका पोराचं किंवा पोरीचं एक वर्ष उचलावं. जेवण, पुस्तकं, अभ्यासाला एक शांत खोली. जे आधी आत पोचलेत त्यांनी रविवारी यावं, मुलाखत कशी द्यायची ते शिकवावं. जयंतीच्या वर्गणीतला चौथा हिस्सा त्यासाठी काढा. डीजे एक रात्र कमी वाजला तर बाबासाहेब रागावणार नाहीत.

बोजा उचलायची आपल्याला पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. हा एक आपल्यासाठी उचलू.