एक सायकल, दोन मुलूख

माहुलगावातून चेंबूरकडे येणारा रस्ता, ज्यावर 1954–55 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टँकरांची वर्दळ आजही अहोरात्र चालू असते, ज्याच्या कडेला पेव्हर ब्लॉक उचकटलेले असतात आणि ज्यावर आषाढ-श्रावणात तेल व चिखल यांचा निसरडा थर साचतो, तो सायकलस्वाराची कसोटी पाहणारा आहे. जवळून जाणारा पूर्व मुक्त मार्ग 2013 साली खुला झाला खरा. परंतु त्यावर सायकलीस मुभा नाही. सबब येथील तरुणास याच रस्त्याने निघून, मुलुंड ओलांडून येऊरचा चढ गाठावा लागतो, आणि तेथे वनखात्याची परवानगी असेल तेवढ्याच कच्च्या वाटांवर समाधान मानावे लागते. डांबर आणि माती या दोन्ही मुलखांत एकाच सायकलीने फिरू इच्छिणाऱ्याच्या मनात हल्ली सायक्लोक्रॉसचे नाव येते, आणि त्या निवडीबाबत माझे मत काहीसे सावध आहे.

सायक्लोक्रॉस हा मूळचा युरोपातील हिवाळी शर्यतीचा प्रकार. 1902 साली फ्रान्समध्ये त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि 1950 साली पॅरिसला पहिले जागतिक अजिंक्यपद लढवले गेले. सुमारे तासाभराच्या या शर्यतीत स्वार अडथळ्यापाशी उतरतो, सायकल खांद्यावर घेऊन धावतो आणि चिखल भरला की कडेला ठेवलेली दुसरी सायकल घेतो. त्यामुळे या शर्यतीच्या सायकलीला मडगार्डाची गरज नसते, निव्वळ शर्यतीसाठी घडवलेल्या सांगाड्यावर पुष्कळदा पाण्याच्या बाटलीचीही सोय नसते, आणि आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमानुसार टायर 33 मिलिमीटरहून रुंद असता कामा नये. हा नियम शर्यतीच्या न्याय्यतेसाठी योग्यच आहे. पण माहुलच्या माणसाने तो स्वतःवर का लादून घ्यावा? आपल्याकडचे दूधवाले आणि टपालवाले पिढ्यान्‌पिढ्या ज्या काळ्या सायकली चालवीत आले, त्यांचा 28 गुणिले दीड इंची टायर सुमारे 40 मिलिमीटर रुंद असे, आणि त्यावर भरल्या किटल्या घेऊन ते खडीच्या रस्त्यावरूनही निर्धास्त जात. वजन आणि गिअर सोडले, तर आपल्या रस्त्यांना काय मानवते याचा निर्णय त्या सायकलीने केव्हाच दिलेला आहे.

म्हणून दुकानात गेल्यावर प्रथम पाहावे ते चाक आणि सांगाडा यांमधील अंतर: 38 ते 40 मिलिमीटरचा टायर बसून वर मडगार्डही मावत असेल, तरच पुढची बोलणी करावी. त्यानंतर ब्रेक. रिमवर घासणारे ब्रेक पावसात उशिरा पकडतात, आणि चिखलातील रेतीने रिमच झिजते. तेथे डिस्क ब्रेकवरील जादा खर्च मी सर्वथा समर्थनीय मानतो. गिअर चढासाठी हलके असावेत. खाडीच्या खाऱ्या हवेत चेन आणि स्क्रू लवकर गंजतात, तेव्हा धुणेपुसणे आणि तेलपाणी यांत हयगय नको.

या अटी पुऱ्या करणारी सायक्लोक्रॉस मिळाली तर ती जरूर घ्यावी. अन्यथा वाकड्या हँडलाचीच, पण रुंद टायरांची ग्रॅव्हल सायकल पत्करावी, आणि पैसे मोजण्यापूर्वी ती भर पावसाळ्यातील रस्त्यावर एकदा चालवून पाहावी, एवढी माझी तरुण वाचकांना आग्रहाची विनंती आहे.